कांद्याच्या खोलीतलं जंक्शन

शिरूरला रेल्वे नाही. दौंडला रेल्वेशिवाय दुसरं काही नाही. मी माहेरची दौंडची आणि सासरची शिरूरची, म्हणजे लग्नापर्यंत कानात इंजिनाची शिट्टी आणि लग्नानंतर एसटीचा हॉर्न. तरी रेल्वेची जी काही नोकरी मी केली, ती शिरूरलाच केली.

दिवाळी अंकांत रिटायर झालेले पोस्टमास्तर, डॉक्टर, कंडक्टर आपापल्या नोकरीचं लिहितात. ते मी आवडीने वाचते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही आणि हे मी कोणाला दाखवणारही नाही. पण सिग्नल मीसुद्धा दिलेत. भर रविवारी, सगळ्या पाहुण्यांसमोर, माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला मी तांबड्या दिव्यावर उभं केलं होतं, आणि लग्न जमतंय की मोडतंय ते त्या दिव्यावर होतं. एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटतं.

नगर रस्त्याला आप्पांचं हॉटेल आहे. आप्पा म्हणजे मालक. शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. मी तिथे चपात्या लाटायचे. एकदा पुण्यात कुठलंसं खेळांचं दुकान बंद पडलं, तिथून आप्पांनी रेल्वे आणली. टेम्पोतून. लोक सिम्युलेटर म्हणायचे, आप्पा नुसतं 'आपली रेल्वे' म्हणायचे. प्लायवूडच्या तीन केबिन होत्या. प्रत्येकीत दोन खुर्च्या, समोर मोठा पडदा, हाताशी वेग वाढवायचा दांडा, ब्रेक आणि हॉर्न. गिऱ्हाईक आत बसलं की पडद्यावर रूळ धावू लागायचे आणि त्याला वाटायचं आपण खरीच गाडी चालवतोय. तिन्ही केबिनच्या गाड्या एकाच मुलुखात धावत, त्यामुळे त्यांना कोणीतरी वाट काढून द्यावी लागे. हे काम ज्यावर चालायचं तो कॉम्प्युटर ठेवायला जागा नव्हती म्हणून कांद्याच्या खोलीत ठेवला. जंक्शनला नाव दिलं आप्पानगर.

आधी तिथे एक कंपनीतून आलेला माणूस बसायचा. त्याला शिक्रापूरला कारखान्यात नोकरी लागली आणि तो सकाळच्या चहालाच निघून गेला. मी तेव्हा कांदे आणायला खोलीत गेले होते. आप्पा दारात आले.

"बाई, तुम्ही दौंडच्या ना?"

"व्हय."

"मग बसा. तुम्हाला येतंच की."

दौंडच्या माणसाला रेल्वे पोटातूनच येते, असा शिरूरकडे समज आहे. माझे वडील दौंडला बेकरीत होते. पण 'नाही' म्हणायला चार शब्द बोलावे लागले असते, आणि मला तेवढं परक्या माणसापुढे जमत नाही. मी बसले. आमच्याकडे माझे यजमान वॉचमन आहेत आणि ते माझ्यापेक्षा कमी बोलतात. आम्हा दोघांत बडबडी म्हणून माझंच नाव आहे, यावरून समजावं.

काम तसं अवघड नाही. पडद्यावर मुलुखाचा नकाशा असतो, रेघांचा. आप्पानगरला तीन रेघा एकत्र येतात आणि पुढे नदीवर एकच पूल. एका वेळी एकच गाडी जाणार. जिला सोडायची तिच्या सिग्नलवर टिचकी मारायची, मग जिथे पाठवायची तिथे टिचकी मारायची. रेघ पांढरी होते, रुळाचे सांधे आपोआप सरकतात, तिला हिरवा मिळतो आणि बाकीच्या दोघींना तांबडा. तांबड्याच्या आधीच्या खांबावर पिवळा लागतो. पिवळा म्हणजे पुढे थांबायचंय, आतापासून हळू हो. तांबडा ओलांडला की भोंगा वाजतो, केबिनचा पडदा काळा होतो आणि डाव संपतो. दोन गाड्यांना एकदम हिरवा द्यायचं म्हटलं तर कॉम्प्युटर देत नाही. माणसापेक्षा त्याला हे बरं कळतं.

मानाची रीतही ठरलेली आहे. आधी एक्सप्रेस, मग प्रत्येक स्टेशन घेणारी पॅसेंजर, शेवटी मालगाडी. हिरवा काय, कोणीही देईल. तांबडा कोणाला द्यायचा, त्यासाठी माणूस बसवावा लागतो.

प्रत्येक केबिनमध्ये बोलायला एक फोन होता. त्यातलं बोलणं तिन्ही केबिनमध्ये आणि माझ्या खोलीत ऐकू यायचं. माझ्याकडेही फोन होता. मी त्यातून कधी बोलले नाही. त्यामुळे लोकांना वाटायचं आत मशीन आहे, आणि मशीनला माणसं मोकळेपणाने शिव्या देतात. मी कांद्यांच्या गोण्यांमध्ये बसून सगळं ऐकायचे. बाहेर गिऱ्हाईक सांभाळायला बबनराव होते, पन्नाशीचे वेटर. त्यांना सगळं माहीत होतं, पण ते गिऱ्हाइकाला सांगत नसत.

आत बसलेलं प्रत्येक माणूस पहिल्यांदा स्टेअरिंग शोधायचं.

"ओ, हिचं स्टेअरिंग कुठंय?"

"रेल्वेला नसतं," बबनराव सांगायचे.

"मग वळती कशी?"

"वळीवणारं येगळं हाय. तुम्ही फकस्त हाका."

हे ऐकून कित्येकांचा चेहरा पडायचा. उत्तरेकडचा एक ट्रकवाला तर तांबड्यावर उभा राहून सारखा हॉर्न वाजवत होता. "साइड दे भाई, साइड दे!" मी त्याच्यापुढून दोन गाड्या सोडल्या. मग तो थकून गेला, इंजिन तसंच सोडून जेवून आला, आणि आल्यावर म्हणाला, "अभी भी लाल है? ये तो असली रेलवे है." दर महिन्याला यायला लागला.

न्हावऱ्याकडच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्या फक्त पॅसेंजर घ्यायच्या. स्टेशनात गाडी थांबवली की हलायच्याच नाहीत. मी हिरवा देऊन वाट बघत बसायचे, मागे एक्सप्रेसवाला बोंबलायचा, आणि आजी फोनमध्ये म्हणायच्या, "थांब की मेल्या, बायामाणसं उतरत्यात. कडेवर लेकरं हायत." पडद्यावर एकही माणूस नव्हतं. पण त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांच्यासाठी मी एक्सप्रेस अडवायचे. रीतीला धरून नव्हतं ते.

आणि आमचे याकोबभावजी. माझे धाकटे दीर. घरात बोलायचं काम त्यांच्याकडे आहे, आम्हा दोघांच्या वाट्याचंही तेच बोलतात. ते आले की एक नंबरची केबिन आणि एक्सप्रेस. पिवळा दिसला की वेग वाढवायचे. "पिवळा म्हंजी लवकर निघा," असा त्यांनी अर्थ लावला होता. तांबडा ओलांडायचे, भोंगा व्हायचा, बाहेर येऊन सांगायचे, "मशीन खराब हाय." मी आत आहे हे त्यांना माहीत होतं, तरी मशीनच खराब.

आता त्या रविवारचं.

माझी मुलगी एस्तेर. तिच्यासाठी पाटसचं स्थळ आलं होतं. मुलगा सुमित, चर्चमध्ये पेटी वाजवतो आणि कामाला वर्कशॉपमध्ये. त्याचे वडील भास्करराव साखर कारखान्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टर चालवतात. माणसं चांगली, आमच्यातलीच. पहिली बैठक आमच्या घरी झाली आणि चहावर बिघडली. ट्रे घेऊन मीच गेले होते. दाराशी सगळ्यांत आधी याकोबभावजी बसलेले, म्हणून पहिला कप त्यांनी उचलला. नवऱ्या मुलाचा बाप तसाच हात पुढे करून बसलेला. भास्कररावांनी तो हात हळूच मागे घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. नंतर चहा प्यायले नाहीत. पाटसला गेल्यावर निरोप आला, विचार करून कळवतो.

रात्री एस्तेर भांडी घासताना म्हणाली, "आई, एका कपासाठी व्हय?"

"तुला पसंत हाय का गं?"

ती परातच घासत राहिली. ती परात आधीच स्वच्छ होती. तेव्हा मला उत्तर कळलं.

मध्यस्थांनी खटपट करून दुसरी बैठक ठरवली. आता कोणाच्या घरी नको, आप्पांच्या हॉटेलात. मला आप्पांनी सुट्टी देऊ केली, पण रविवारची गर्दी, आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांत बसण्यापेक्षा मला कांदे बरे. मी नमस्कार करून, पाणी देऊन आत गेले. या वेळी पाण्याचा पहिला तांब्या भास्कररावांना दिला. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

बाहेर तासभर नुसतं ऊस, पाऊस आणि रस्त्याचे खड्डे चाललं होतं. मूळ विषयाला कोणी हात घालेना. शेवटी आप्पांचा आवाज आला, "आवो, काय तोंडं पाडून बसलाय! चला, रेल्वे हाका. ज्येवण हुईस्तोवर डोकं थंड हुईल."

झालं. भावजी एक नंबरमध्ये घुसले. एक्सप्रेस. भास्कररावांना आप्पांनी दोन नंबरमध्ये बसवलं. त्यांनी विचारलं, "जड गाडी कंची?" बबनराव म्हणाले, मालगाडी. "मंग तीच द्या. मोकळी गाडी हाकायला काय अक्कल लागती?" हे भिंतीपलीकडे भावजींना ऐकू गेलं, हे सांगायला नको. तीन नंबर रिकामी होती. आप्पा म्हणाले, "पोरांनो, तुम्ही काय बघत बसलाय?" आणि एस्तेर-सुमितला आत ढकललं. त्यांच्या वाट्याला राहिली ती पॅसेंजर.

हॉटेलात एक मोठा टीव्ही लावलेला होता. माझा नकाशा त्यावर सगळ्यांना दिसायचा. बबनरावांना हौस, त्यांनी प्रत्येक गाडीवर नाव घातलं: याकोबराव, भास्करराव, मुलं. म्हणजे आता कोण कोणासाठी थांबलं हे दोन्हीकडच्या पाहुण्यांना पुसट नव्हे, चांगलं ठळक दिसणार होतं.

एक्सप्रेस एका रेघेवरून, मालगाडी दुसरीवरून, आप्पानगरकडे निघाल्या. मी सवयीने टिचकी मारली. एक्सप्रेसला हिरवा. आणि बाहेरून पाटसकडच्या एका बाईचा आवाज आला, "बगा! हितं बी चहावानीच!"

मी कोणाचा मान बघून टिचकी मारली नव्हती, रेल्वेची रीत होती ती. पण ती रीत तिथे कोणाला समजावणार? मी दिलेला हिरवा मागे घेतला. असा मागे घेतला की एक्सप्रेसवाल्याला समोरचा दिवा डोळ्यांदेखत तांबडा झालेला दिसतो. फोनमधून भावजी ओरडले, "आरं ए! हिरवा व्हता की आत्ता! हे काय चाललंय?"

आता मालगाडीला द्यायचा, तर भावजी केबिनमधून उठून सरळ घरी जाणार. आमच्या गावात, आमच्या माणसाचा हिरवा काढून पाहुण्याला दिला म्हणून. आणि एक्सप्रेसला परत द्यायचा, तर पाटसची मंडळी जीप भरून चालली. दोन्ही गाड्या पुढे सरकत होत्या. दोघांना पिवळा लागलेला. कॉम्प्युटर काही बोलत नव्हता. त्याला मुलगी नाही.

तेवढ्यात फोनमधून तिसरा आवाज आला. सुमितचा.

"पिवळा."

मग एस्तेरचा. "पिवळा."

थोड्या वेळाने परत. "तांबडा दिसतोय." "व्हय, तांबडा. थांबवते."

मला कळेना, गाडी कोण चालवतंय. मग लक्षात आलं. एस्तेर चालवत होती. सुमित शेजारच्या खुर्चीत बसून सिग्नल सांगत होता. खऱ्या रेल्वेत ड्रायव्हरचा जोडीदार असंच मोठ्याने सांगतो आणि ड्रायव्हर तेच परत म्हणतो, म्हणजे चूक होत नाही. त्या केबिनमध्ये शेकड्याने जोडपी बसलेली मी ऐकली. पुरुष चालवणार आणि बाई 'हळू हो, हळू' म्हणणार. शेजारच्या खुर्चीत आपणहून बसलेला पुरुष मी तोवर ऐकला नव्हता. मुलगा कसा आहे म्हणून आम्ही पाटसभर चौकशी केली होती, ती सगळी वाया होती. मला आता माहीत होतं. लग्न मोडलं तर काय मोडणार, तेही माहीत होतं.

मी दोघांचे तांबडे तसेच ठेवले आणि पॅसेंजरला हिरवा दिला.

एक्सप्रेस आणि मालगाडी दोन्ही उभ्या करून पॅसेंजर काढायची, असं आप्पानगरला कधी झालं नव्हतं. प्रश्न आता एवढाच होता, हे दोघे थांबणार का? ओलांडला तर भोंगा, काळा पडदा, आणि त्यावर नाव. भास्करराव ऊस वाहणारा माणूस. जड गाडी उतारावर कशी धरायची ते त्यांना नवीन नव्हतं. पिवळ्यापासूनच त्यांनी ब्रेक लावत आणला होता. मालगाडी भरल्या तांब्यातलं पाणी सांडणार नाही अशी उभी राहिली. आणि याकोबभावजी? फोनमधून नुसता ब्रेकचा किंचाळा आणि त्यांचा 'आं आं आं' एवढंच आलं. एक्सप्रेसचं नाक सिग्नलच्या खांबाला टेकलं आणि थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आता पॅसेंजर जावी की नाही? तर एस्तेरने ती आप्पानगर स्टेशनात थांबवली. पॅसेंजर ती, स्टेशन आलं की थांबणारच. तिच्यासाठी दोन्ही व्याही तांबड्यावर, आणि ही दारं उघडून उभी.

"निघायचं का?" ती म्हणाली.

"थांब जरा," सुमित म्हणाला. "एखादा पळत येत असंल."

बाहेर पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग दोन्हीकडचे हसले. कोण हसलं ते भिंतीआडून ओळखू येत नव्हतं, ही चांगली खूण. मग पॅसेंजर हलली आणि डुलत डुलत पूल ओलांडून गेली.

मग ध्यानात आलं की पुढचा प्रश्न तसाच आहे. आता कोण? मी माऊसवर हात ठेवून बसले. तेवढ्यात फोनमधून भावजी बोलले. आवाज वेगळाच, मऊ.

"पाव्हणं, तुमची गाडी जड हाय. तुम्ही व्हा म्होरं."

"न्हाई न्हाई," भास्करराव म्हणाले. "एक्स्प्रेस थांबवू न्हाई. तुम्ही आधी."

"आसं कसं? तुम्ही पोराकडचं."

"आन् तुम्ही गाववालं. तुमच्या गावात तुमच्या आधी मी जाऊ व्हय?"

मी मालगाडीला हिरवा दिला. भास्करराव जागचे हलले नाहीत. मी तो काढून एक्सप्रेसला दिला. भावजींनी हॉर्न वाजवला आणि जागेवरच उभे. इतकी वर्षं लोकांनी मला हिरव्यासाठी शिव्या दिल्या, आणि आज मी दोन्ही हातांनी वाटत होते तर घ्यायला कोणी तयार नव्हतं. बबनरावांनी जेवण वाढल्याची आरोळी दिली. कोणी उठेना. कारण आधी उठायचं कोणी?

शेवटी कांद्याच्या खोलीचं दार ढकललं गेलं. भास्करराव. ते मशीनवाल्याला सांगायला आले होते.

"मास्तर, त्या एक्स्प्रेसला जरा दमात घेऊन सांगा..."

आणि त्यांना मी दिसले. डोक्यावर पदर, हातात माऊस, दोन्ही बाजूंना गोण्या. मी उठले. बसायला सांगावं हेही सुचेना.

"तुम्ही?" ते म्हणाले.

"व्हय."

"म्हंजी मला इतका येळ तुम्ही हुबं केलं व्हतं?"

खोटं बोलायला पुन्हा चार शब्द लागले असते. "दोघास्नी बी," मी म्हणाले.

ते पडद्याकडे बघत राहिले. एक रेघ, त्यावर त्यांचं नाव, तांबड्यापाशी. दुसरी रेघ, त्यावर भावजींचं, हिरव्यापाशी. त्यांच्या मिशा हलल्या, पण हसण्यासाठी की कशासाठी ते मला समजेना. मी त्या वेळी जेवढी घाबरले तेवढी बाळंतपणातही घाबरले नव्हते.

"आन् पोरं कुठंयत?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. पुलापलीकडे, शेवटच्या स्टेशनात, पॅसेंजर नीट फलाटाला लागलेली होती.

"पोचली," मी म्हणाले.

भास्कररावांनी एक कांद्याची गोणी पायाने सरळ केली आणि तिच्यावर ऐसपैस बसले.

"मंग ऱ्हाऊ द्या, विहीणबाई," ते म्हणाले. "आपल्याला कुठं जायची घाई हाय?"

फोनमधून याकोबभावजी रिकाम्या मालगाडीला अजून आग्रह करत होते, "व्हा की वो पाव्हणं म्होरं! तुम्ही गेल्याबिगर मी हलत न्हाई!"